मीठ नको हे पटले. पण जिरे, हिंग, हळद? सहा महिन्यांनंतरच्या बाळाच्या जेवणातील मसाले

नाशिककर_आई
नमस्कार. आमच्या मुलीला नुकतेच सहा महिने पूर्ण झाले आणि उष्टावणानंतर आम्ही तिला वरचे अन्न सुरू केले. डॉक्टरांनी वर्षभर मीठ आणि साखर पूर्णपणे टाळायला सांगितले आहे आणि त्यामागचे कारण मला समजले आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी शंका नाही. मी तिला मऊ भात, मुगाच्या डाळीचे पाणी आणि उकडून कुस्करलेला लाल भोपळा देते. पहिले दोन चमचे ती घेते, तिसऱ्याला ओठ घट्ट मिटते आणि मान वळवते.

परवा सासूबाईंनी त्याच भातात चमचाभर तूप, भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड आणि त्या तुपातच विरघळवलेला हिंगाचा एक कण कालवला, तेव्हा तिने जवळजवळ सगळी वाटी संपवली. सासूबाईंना अर्थातच आनंद झाला आणि खरे सांगायचे तर मलाही झाला; पण रात्री मनात भीती बसली की आपण घाई तर करत नाही ना. माझी आई म्हणते की वर्षापर्यंत फोडणीचा वासही नको. शेजारच्या काकूंच्या मते हळद उष्ण पडते. मोठ्या जाऊबाईंनी तर सहाव्या महिन्यापासून घरातलेच वरण दिले होते.

माझा प्रश्न नेमका एवढाच आहे : मीठ आणि तिखट न घालता घरातले साधे मसाले या वयात द्यावेत का, कोणते द्यावेत आणि एका वाटीला किती?

तुपाची_बुधली
सासूबाईंच्या हाताला गुण आहे. माझ्या मुलानेही जिऱ्याचा वास आल्याशिवाय तोंड उघडले नव्हते.

वाटीचमचा
मी चौदा वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या घरांत मीठ, तिखट आणि मसाला हे तीन शब्द एकाच श्वासात उच्चारले जातात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. मिठाचे कारण वेगळे आहे : बाळाची मूत्रपिंडे अजून पक्व झालेली नसतात आणि त्याला लागणारे सोडियम दुधातून आणि अन्नातून आपोआप मिळत असते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने पहिल्या वर्षासाठी दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी मर्यादा सांगितली आहे आणि त्यात सर्व पदार्थांतले मीठ धरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांतही जास्त मीठ आणि साखर असलेले पदार्थ देऊ नयेत असेच म्हटले आहे. मिरचीचे कारण आणखी निराळे आहे, कारण तिचा तिखटपणा ही चव नसून जळजळ आहे. जिरे, धने, हळद, हिंग, ओवा, बडीशेप आणि दालचिनी यांना मात्र यांपैकी कोणतेही कारण लागू पडत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर हे मसाले अत्यल्प प्रमाणात, नीट शिजवून आणि बारीक करून देण्यास हरकत नाही.

प्रमाण विचारले आहे म्हणून सांगते. एका लहान वाटीला अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत येईल एवढी जिऱ्याची किंवा धन्याची पूड पुरते, हळद त्याच्या निम्मी, आणि हिंग सासूबाईंनी घातला तसा तुपात विरघळलेला कणभरच. एका वेळी एकच नवा मसाला सुरू करा आणि दुसरा आणण्यापूर्वी दोन-तीन दिवस जाऊ द्या, म्हणजे अंगावर पुरळ उठली किंवा पोट बिघडले तर कारण ओळखता येते. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. बाळाला अजून गहू दिला नसेल तर डबीवरची घटकांची यादी एकदा वाचून घ्या.

आता आपण न विचारलेली, परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपण डाळीचे *पाणी* देत आहात. या वयात बाळाच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावते, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात २१० ग्रॅमच्या आसपास. ती जागा पाण्याने भरली तर पोट फुगते आणि पोषण मात्र मिळत नाही. डाळ शिजवून पूर्ण घोटा आणि गाळू नका. चमचा तिरपा केल्यावर अन्न घळाघळा ओघळता कामा नये, ते चमच्यावर टिकले पाहिजे. तिसऱ्या चमच्याला आपली मुलगी तोंड फिरवते त्याचे एक कारण हेही असू शकेल.

सोनचाफा_६१
माझी दोन मुले आणि चार नातवंडे माझ्या हातच्या मऊ भातावर वाढली, म्हणून अनुभवाने लिहिते. वाटीचमचा यांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे. मात्र एक विचारावेसे वाटते. आम्ही बाळाला दुसऱ्या महिन्यापासूनच सहाणेवर बाळगुटी उगाळून देत असू. त्यात हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ यांचे मोजके वेढे असत. मग सहाव्या महिन्यात चिमूटभर जिऱ्याची एवढी चर्चा कशासाठी? मुले त्या चवींना आधीच सरावलेली असत.

नाशिककर_आई, मिरची न घालता घरी केलेले मेतकूट मुलीला सात महिन्यांनंतर द्या, असे मी आपल्याला सुचवीन. एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडदाची डाळ आणि पाव वाटी गहू वेगवेगळे आणि मंद आचेवर भाजावेत. डाळ दाताखाली खुटकन तुटली की भाजणी झाली असे समजावे. चमचाभर जिरे आणि चमचाभर धने शेवटी, कढई उतरवल्यावर तिच्या उष्णतेवरच परतावेत, नाहीतर करपून कडवट होतात. पाव चमचा हळद घालून सगळे दळून मैद्याच्या चाळणीने चाळावे. मऊ भात, तूप आणि वर हे मेतकूट एवढे पुरेसे असते. विकतच्या मेतकुटात मिरची असते आणि काही वेळा मीठही असते, म्हणून ते या वयात नको.

वाटीचमचा
सोनचाफा_६१, मेतकुटाची आपली कृती मी उतरवून घेतली आहे. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो. त्यात गहू आहे, तेवढे बाळाला गहू आधी वेगळा देऊन पाहावा.

गुटीबद्दल मात्र मी आपल्याशी नम्रपणे असहमत आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. आणि उगाळताना सहाण, पाणी आणि हात या तिन्हींमधून जंतुसंसर्ग होऊ शकतो. सहा महिन्यांनंतरही वेखंड आणि जायफळ यांना मी वेगळे काढते. वेखंडातल्या बीटा-अ‍ॅसारोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ साली ते अन्नपदार्थांत वापरण्यास बंदी घातली गेली. जायफळाने बाळ शांत झोपते असे आपण म्हणतो, पण ते झोपते कारण त्यातले घटक मेंदूवर परिणाम करतात आणि एवढ्याशा जिवाला त्याची मात्रा चटकन जास्त होऊ शकते. जिऱ्याची चिमूट आणि जायफळाचा वेढा यांना मी एका तागडीत घालणार नाही.

सोनचाफा_६१
वेखंडाचे मला खरोखर ठाऊक नव्हते. धाकट्या सुनेला आजच फोन करून सांगते.

कृष्णाकाठ
मी सांगलीचा आहे आणि माझा मुलगा आता दीड वर्षाचा आहे. सकाळी पत्नी नोकरीवर लवकर जाते, त्यामुळे त्याचे जेवण पहिल्यापासून मीच करतो. माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती इतर कोणाच्या हातून होऊ नये असे मला मनापासून वाटते.

तो साडेसात महिन्यांचा असताना मी मुगाच्या खिचडीवर तुपाची फोडणी घातली : मोहरी, जिरे आणि कढीपत्ता. पाने मी काढून टाकली होती, अशी माझी समजूत होती. तिसऱ्या घासानंतर तो एकदम ओकाऱ्या काढू लागला, डोळ्यांत पाणी आले आणि चेहरा लालबुंद झाला. तो खोकत होता आणि आवाज येत होता, म्हणजे श्वास चालू होता, हे मला त्या क्षणी सुचले नाही. माझे हातपाय गार पडले होते. शेवटी त्याने मोठ्याने रडायला तोंड उघडले, तेव्हा टाळूला अंगठ्याच्या नखाएवढे कढीपत्त्याचे पान सपाट चिकटलेले दिसले. ते मी करंगळीच्या टोकाने बाजूने सोडवले. डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल तरच बोट घालावे, आंधळेपणाने घालू नये, नाहीतर वस्तू आणखी आत जाते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले.

तेव्हापासून मी फोडणीच करत नाही. जिरे कोरडे भाजून खलबत्त्यात कुटतो आणि चहाच्या गाळणीतून गाळतो. कढीपत्त्याची चव हवी असेल तर डाळ शिजताना अख्खी डहाळी वर ठेवतो आणि शिट्ट्या झाल्यावर देठाला धरून उचलून घेतो. त्यामुळे नाशिककर_आई, कोणता मसाला यापेक्षा तो कोणत्या रूपात बाळाच्या तोंडात जातो याकडे अधिक लक्ष द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नाशिककर_आई
वाचूनच पोटात गोळा आला. डहाळी उचलून घेण्याची युक्ती फार चांगली आहे.

मांडवीचे_पाणी
आमच्याकडे गोव्यात बाळाचे पहिले अन्न म्हणजे उकड्या तांदळाची पेज. तांदूळ भरपूर पाण्यात मऊसूत शिजवून घोटायचे, त्यात नारळाच्या घट्ट रसाचे दोन चमचे घालायचे. माझ्या मुलीला आठव्या महिन्यात मुडदुशी सुरू केली. ही मासळी पचायला हलकी म्हणून आमच्याकडे आजारी माणसांना आणि लहान मुलांना देतात. हळदीच्या पाण्यात ती उकडायची, मधला काटा सबंध निघतो, आणि मग पांढऱ्या ताटलीत बोटांनी चिवडून एक-एक बारीक काटा शोधायचा. ताटली पांढरी अशासाठी की काटा अंगठ्याला जाणवला नाही तरी हळदीच्या पिवळ्या मासात डोळ्यांना दिसतो. धने किंवा ओवा काहीही लागले नाही. हळद आणि नारळ एवढ्यावर ती खूश होती. मासळी देणाऱ्यांनी मीठ लावलेली किंवा सुकी मासळी मात्र या वयात देऊ नये.

तापीकाठ
मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. खानदेशात तिखट खाणाऱ्या घरात वाढलेले मूल दोन वर्षे मिरचीपासून पूर्ण लांब ठेवले, तर पुढे त्याला प्रत्येक जेवणात वेगळे काढून द्यावे लागते. माझ्या दोन्ही मुलांना मी दहाव्या महिन्यापासून भरीत कालवलेली भाकरी दिली. त्यात वांगे भाजलेले, कांद्याची पात शिजलेली, आणि मिरचीऐवजी मिऱ्याची अगदी किंचित पूड. मिऱ्याचा चटका सौम्य असतो आणि लगेच ओसरतो. मुलांना त्रास झाला नाही.

कृष्णाकाठ
तापीकाठ, मिऱ्याबद्दल आपले म्हणणे मला पटते. लाल तिखटाबद्दल मात्र जपून राहावे असे माझे मत आहे. आमच्या एका समारंभात कोणीतरी प्रेमाने माझ्या मुलाला रश्श्यात बुडवलेले बोट चाटवले. ओठांभोवती लाल चट्टा उठला, आणि दुसऱ्या दिवशी शी झाल्यावर तिथली कातडीही लाल होऊन तो कळवळला. शिवाय आमच्या भागातल्या तयार कांदा-लसूण मसाल्यात मीठ असते, त्यामुळे चिमूटभर मसाला घातला की तिखटाबरोबर मीठही जाते.

जात्यावरचे_पीठ
घट्ट आणि पातळ यांचा विषय निघाला आहे म्हणून नाचणीबद्दल लिहिते, कारण तिथे सर्वांत जास्त नुकसान होते असे मला दिसते.

नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतर कोणतेही धान्य त्याच्या जवळपास पोचत नाही. परंतु ते बरेचसे दाण्याच्या सालीत असते. आपण सत्व काढताना भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून चोथा टाकतो, तेव्हा त्या कॅल्शियमचा मोठा भाग चोथ्याबरोबर जातो. सत्व पांढरे शुभ्र दिसते, पण ते मुख्यतः पिष्ट असते. म्हणून मोडाचे पीठ करावे. नाचणी रात्रभर भिजवून, धुवून, ओल्या पंच्यात बांधून दीड दिवस ठेवावी. सुईच्या टोकाएवढे पांढरे मोड आले की सावलीत पसरून खडखडीत वाळवावी, अगदी हलकी भाजावी, मोड चोळून झाडावेत आणि दळावे.

याचा एक गुण पाहण्यासारखा आहे. साध्या पिठाची पेज इतकी घट्ट शिजवा की चमचा उभा राहील. ती उतरवून किंचित निवू द्या आणि मोडाचे एक चमचा पीठ घालून ढवळा. पाच मिनिटांत पेज सैल होते, पाणी न घालता. मोड येताना तयार झालेले विकर पिष्टाचे तुकडे करतात म्हणून असे होते. नंतर पुन्हा एक उकळी काढा. पीठ खरपूस भाजले असेल तर मात्र ही किमया घडत नाही. या पेजेत मी सुंठीचा कण किंवा वेलचीचे दोन-तीन दाणे कुटून घालते. गूळ आणि खजूर वर्षाच्या आत घालत नाही. मध तर अजिबात नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

वायगावची_हळद
हळद उष्ण पडेल या भीतीपेक्षा ती शुद्ध आहे का याची काळजी जास्त करा, असे मी सांगेन. सुट्या हळदीला चकचकीत पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हे शिसे असलेले रंगद्रव्य मिसळले जाते, आणि शिशाचे अल्प प्रमाणही लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. हा रंग अख्ख्या हळकुंडांनाही चोळतात, त्यामुळे हळकुंड आणले म्हणजे निर्धास्त झालो असे होत नाही. आम्ही वर्धा जिल्ह्यात राहतो आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून न रंगवलेले, मातकट दिसणारे हळकुंड आणून घरीच दळतो. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी निदान सुटी पूड टाळावी.

लेस्टरवासी
मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या आरोग्य परिचारिकेने मला पहिल्याच भेटीत विचारले की तुमच्या घरी रोज काय शिजते, आणि तेच बाळासाठी मीठ न घालता मऊ करा, असे सांगितले. तिचे म्हणणे असे होते की आईच्या जेवणातल्या लसणासारख्या चवी दुधातही उतरतात, त्यामुळे बाळाला त्या अगदी परक्या नसतात. माझा मुलगा इथल्या बरणीतल्या बेचव गाजराला तोंड लावत नसे, आणि धने-जिरे घातलेले तेच गाजर मिटक्या मारत खाई. नवी भाजी त्याने आठ-दहा वेळा नाकारली तरी मी दोन दिवसांनी पुन्हा द्यायची. दोडका त्याने अकराव्या खेपेला खाल्ला.

तुपाची_बुधली
दाण्याचा कूट घातला तर चालेल का? माझी नणंद म्हणते की तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको.

वाटीचमचा
तो सल्ला आता जुना झाला आहे. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यास पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी असण्याचे प्रमाण खूप कमी होते. अंगावर तीव्र इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. एरवी वस्त्रगाळ कूट अर्धा चमचा पेजेत शिजवून द्यावा. अख्खा किंवा भरड दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

लोहाचा विषय कोणी काढला नाही म्हणून तोही सांगते. जन्मतः असलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि दुधात लोह फार कमी असते. शिजलेल्या डाळीवर किंवा पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते आणि मिठाची उणीव चवीला जाणवत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. सरकारी कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध मिळते. आपल्या आशाताईंकडे त्याची चौकशी करावी.

नाशिककर_आई
बारा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंनीही सगळे प्रतिसाद माझ्याकडून वाचून घेतले.

आता आमच्याकडे असे चालते : सकाळी कुकर लावताना घरच्या वरणाच्या डब्याशेजारी एक छोटा झाकणाचा डबा असतो. त्यात दोन चमचे तांदूळ, एक चमचा मुगाची डाळ, लाल भोपळ्याची फोड आणि हळद. घरचे वरण ज्या दिवशी तिला द्यायचे असेल, त्या दिवशी मीठ आणि फोडणी पडण्यापूर्वी सासूबाई स्वतःच तिची वाटी बाजूला काढतात आणि वर झाकण ठेवून म्हणतात, "ही बाईसाहेबांची, हिला कोणी हात लावू नये." डाळीचे पाणी बंद केले, डाळ घोटून देते. पहिले चार दिवस फक्त जिरे, नंतर हळद, आणि कालपासून धने. हिंगाची डबी पाहिली तर तिच्यात खरेच गव्हाचे पीठ होते, म्हणून आधी गव्हाची पेज देऊन मगच हिंग पुन्हा सुरू करणार आहे. लिंबाच्या थेंबाला तिने आधी सगळा चेहरा आकसून घेतला आणि लगेच पुन्हा तोंड उघडले. आता अर्धी वाटी सहज होते, दिवसातून दोनदा.

एकच अडचण उरली आहे. तिची सगळी लाळेरी हळदीने पिवळी झाली आहेत आणि साबणाने डाग उलट लालसर होतात. काही उपाय आहे का?

सोनचाफा_६१
साबणाने हळद तांबडी होतेच, घाबरू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून लाळेरी ओली असतानाच कडक उन्हात डाग वर करून वाळत घाला. संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो, आणि दोन-तीन उन्हांत दिसेनासा होतो.